मालकाची ओळख

पडद्यावर दुसऱ्यांदा तीच ओळ उमटली, ‘परवानगी नाकारली’, तेव्हा हेमावतीने चष्मा काढून टेबलावर आपटला. काच फुटली नाही हे नशीबच.

तीन दिवस ती या एका कामाच्या मागे होती. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या या टॉवेलच्या कारखान्याचा परदेशी पत्रव्यवहार सव्वीस वर्षं तिच्या हातून जात होता. ज्या प्रोग्रॅममधून ती मेल करायची, त्यात ना चित्र ना बटण. काळा पडदा, पांढरी अक्षरं, सगळा कारभार कीबोर्डवर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पांढरेशुभ्र पडदे तिच्या डोळ्यांना टोचत. हा काळा पडदा गार वाटायचा. पण मेल पुरवणाऱ्या कंपनीने कळवलं होतं, की यापुढे नुसत्या पासवर्डवर कुणाला आत घेणार नाही. प्रोग्रॅमने आधी परवाना मागायचा, मालकाच्या मोबाईलवर विचारणा जाणार, मालकाने ‘हो, मीच’ म्हटलं की परवाना मिळणार. एकदा मिळाला की काम झालं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने हात वर केले होते. “काकू, हे आता म्युझियमला देऊन टाका,” म्हणून तो चहा पिऊन गेला होता. मग हेमावतीनेच सूचना शोधल्या, वहीत उतरवल्या आणि त्याबरहुकूम एकेक ओळ प्रोग्रॅमच्या फाईलमध्ये घातली. एक टिंब राहिलं होतं, ते सापडायला अख्खी दुपार गेली. आज तिच्या बाजूचं सगळं पुरं झालं होतं. राहिला होता फक्त मालकाचा एक होकार.

आणि मुदत आजचीच होती. मालक जोतीरामशेठांची सून अंकिता सकाळी सगळ्यांसमोर म्हणाली होती, आज जमलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून मेल माझ्या मोबाईलवर घेते. काकूंना पॅकिंगला बसवू, लेबलं लिहायला. जोतीरामशेठांनी वर न बघता मान डोलावली होती.

हेमावती तरातरा यंत्रमागांच्या शेडमध्ये गेली. खडखडाटात बोलणं ऐकू येईना, म्हणून शेठना दाराबाहेर बोलावलं.

“शेठ, मोबाईलवर काही आलं होतं का?”

“आलं की. दोनदा आलं. कुनीतरी तुमच्या खात्यात शिरतंय, तुमीच हाय का, आसं इचारत हुतं.”

“मग?”

“मग काय? मी तर हितं मागापाशी हुबा. दाबलं, ‘न्हाय, मी न्हाय’.”

“सकाळी मी सांगितलं होतं ना, हो म्हणा म्हणून.”

“खडखडाटात मला वाटलं तुमी च्याचं इचारताय. आन् आमच्या भाच्याला आसंच गंडवलं की मोबाईलवर. तवापासनं घरात नेम हाय. मोबाईलनं काय बी इचारू दे, न्हाय म्हनायचं.”

हेमावतीची कानशिलं तापली. सव्वीस वर्षं ‘आपला, जोतीराम’ अशी सही करून कोण लिहीत होतं? हॅम्बुर्गच्या गिऱ्हाईक बाईचा नवरा गेला, तेव्हा रडत रडत इंग्रजीत पत्र लिहिलं ते हेमावतीने. त्या बाईचं उत्तर आलं, की जोतीराम, तुमच्या शब्दांनी धीर आला. ते वाचून दाखवलं तर शेठ म्हणाले होते, बरं. मालाचं काय म्हणती?

“खरं तेच बोललात,” ती म्हणाली. “तो तुम्ही नव्हताच. कधीच नव्हता.”

ती परत आली तर खातं कुलूपबंद झालेलं. मालकाने दोनदा नाही म्हटल्यावर चोर शिरला असं समजून कंपनीने दार लावून घेतलं होतं. अंकिताने आपल्या मोबाईलवर खटपट केली. तिलाही शिरता येईना. आता एकच वाट होती, अर्ज भरून मालकाने आपण मालक असल्याचं पटवायचं. शेठना ऑफिसात बोलावलं. अंकिता आपल्या कॉम्प्युटरवरून प्रश्न वाचू लागली.

“पप्पा, खातं कधी उघडलं? महिना आणि साल.”

शेठनी डोकं खाजवलं.

“कुणाकुणाला सगळ्यात जास्त मेल जातात? पाच पत्ते हवेत.”

शेठनी हेमावतीकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून भिंतीकडे बघत होती.

“याआधीचा पासवर्ड?”

“बाई, सांगा की,” शेठ म्हणाले.

“मला काय माहीत? मी पॅकिंगची.”

अंकिता काही बोलायला गेली, पण शेठनी हाताने तिला थांबवलं. कोपऱ्यातलं स्टूल त्यांनी स्वतः ओढलं, हेमावतीच्या खुर्चीशेजारी ठेवलं आणि त्यावर बसले. स्टूल बुटकं होतं. तिच्याशी बोलायला त्यांना मान वर करावी लागली.

“चुकलं माझं. सकाळी मान हलवाय नको हुती.”

तिचा राग गेला नाही. पण ती बोलू लागली. मे एकोणीसशे नव्याण्णव. शेठ त्या दिवशी माळशिरसला लग्नाला गेले होते. पाच पत्ते तिने एका दमात सांगितले, पासवर्ड अक्षर अक्षर सांगितला. अंकिता टाईप करत राहिली. तिची बोटं मागे पडत होती आणि हेमावती थांबत नव्हती.

तासाभराने खातं उघडलं. हेमावतीने काळ्या पडद्यावरून पुन्हा परवाना मागितला. शेठच्या खिशात मोबाईल वाजला. त्यांनी तो तिच्यापुढे धरला.

“तुमीच दाबा.”

“नाही. ते तुम्हाला विचारतंय.”

त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसला आणि दाबला. काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळ उतरू लागली. तीन दिवस अडकलेली एकेचाळीस पत्रं. अंकिता उठून बाहेर गेली. हेमावतीने चष्मा चढवला, पहिलं पत्र उघडलं आणि उत्तर लिहायला घेतलं.

शेठ तसेच बसून होते. शेडमधून कुणीतरी हाक मारली; ते उठले नाहीत.

“बाई, मी जाऊ का?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

तिची बोटं चालत राहिली. मोबाईल तळहातावर उताणा धरून, गुडघे जुळवून जोतीरामशेठ स्टुलावर बसून राहिले.