लोमेतलं रविवारचं जेवण

सरहद्दीपलीकडच्या लोमेला जायचं झिग्बोदीनं काढलं, तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती. कुठं जायचं, कुठं उतरायचं, काय खायचं हे आमच्या तिघींत कायम आराबाच ठरवत आली आहे. केप कोस्टच्या शाळेत वसतिगृहात एका खोलीत होतो तेव्हापासून. कोणत्या पलंगावर कोणी झोपायचं तेही तिनंच ठरवलं होतं. या खेपेला तिला आबिजानला जायचं होतं. पण झिग्बोदी म्हणाली, "लोमेलाच जाऊ. जवळ आहे." आणि आपलं म्हणणं तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही. आराबालाच इतकं आश्चर्य वाटलं, की ती हो म्हणून गेली.

आम्ही तिघी पन्नाशी ओलांडलेल्या. आराबाचं आक्रात औषधांचं दुकान आहे, दोन मुलगे परदेशी आहेत, आणि नवऱ्याशी फारकत घेऊन जमाना झाला. मी, कोर्कोर, निवृत्त शिक्षिका. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन कुमासीला. झिग्बोदी एका शाळेची मुख्याध्यापिका. तिनं लग्न केलंच नाही. आईचं आजारपण, भावांची शिक्षणं यातच तिची वर्षं गेली. म्हातारपणी तिघींनी एकत्र राहायचं, हेही आराबानं ठरवलेलं. आबुरीच्या डोंगरावर तिनं जागा घेऊन ठेवली होती. तीन खोल्या, पुढं ओसरी. नकाशासुद्धा तयार होता.

शुक्रवारी दुपारी आम्ही आफ्लाओला देशाची हद्द पायी ओलांडली. पलीकडे पाऊल टाकलं आणि आराबाची वाचाच बसली. तिला ना फ्रेंच येत, ना तिकडची एवे भाषा. दोन फटफटीवाले "मामां, मामां" करत तिच्या पिशवीला झोंबले, तेव्हा ती माझ्या मागं लपली. झिग्बोदी मात्र एवेतून भाव करत होती, हसत होती, एकाला चक्क दटावत होती. तिची ती मायबोली.

"ही बघ कशी तोंड वर करून बोलतेय," आराबा माझ्या कानात म्हणाली. "आक्रात हिला वाण्याकडं सुटे मागायला लाज वाटते."

शनिवार छान गेला. सकाळी समुद्राकाठी फिरलो, दुपारी मोठ्या बाजारात कापड बघितलं. आराबानं सहा तागे उलगडायला लावले आणि एकही घेतला नाही. संध्याकाळी नारळाच्या झाडांखाली भाजलेला मासा खाल्ला. तेव्हा झिग्बोदी बोटं पुसत हळूच म्हणाली, "उद्या चर्चनंतर एकांकडं जेवायला जायचंय."

"कोणाकडं?"

"ओळखीचे आहेत. त्यांची बेकरी आहे."

"बेकरीवाल्याकडं जेवायला? पाव खायला घालणार का?" आराबा हसली. झिग्बोदी हसली नाही.

रविवारी आम्ही त्या घरी पोचलो. पुढं बेकरी, तिच्या बाजूनं बोळ, आत स्वच्छ झाडलेलं अंगण आणि मोठं कडुनिंबाचं झाड. दारातच एक वयस्कर बाई आली. तिनं झिग्बोदीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि "ये गं, माझ्या भावाच्या घरची!" म्हणाली. मागून एक उंच, शांत माणूस आला. डोक्यावरचे केस निम्मे पांढरे. त्यांनी आम्हा दोघींना वाकून नमस्कार केला.

मी बारा वर्षं हो नावाच्या गावात शिकवलं, तिथं सगळे एवेच बोलतात, त्यामुळं मला ती कळते. आराबाला शब्द कळले नव्हते, पण तो पाठीवरून फिरणारा हात कळला. तिचा चेहरा उतरला.

"झिग्बो, कोण हा?"

"हे एफो यावो." झिग्बोदी खाली बघत म्हणाली. "दोन वर्षांमागं केटाला मावशीच्या मयताला भेटले होते. तिथं गाणाऱ्यांचे पुढारी होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालीत त्यांना. ईस्टरनंतर आम्ही लग्न करतोय."



"तुझी दाढ दुखली तरी मला आधी कळतं," आराबा म्हणाली, "आणि नवरा केलास तो मला अंगणात उभं करून सांगतेस?"

"दाढ सांगितली की तू ती उपटायलाच लावतेस, आराबा."

मला हसू आलं, पण ते गिळलं.

जेवायला बसलो. मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, म्हणजे आकुमे, हिरव्या पाल्याचा रस्सा, तळलेला मासा आणि बेकरीतला ताजा पाव. आराबानं दोन घास खाल्ले आणि चौकशी सुरू केली. "विचार त्यांना, पहिली बायको कशानं गेली?"

झिग्बोदी एवेतून म्हणाली, "ती विचारतेय, रश्श्यात झिंगे घातलेत का?"

"हो, वाळवलेले," एफो यावो म्हणाले.

"तापानं," झिग्बोदीनं आराबाला सांगितलं.

"मुलं किती? ती तुला आई म्हणतील का? घर त्यांच्या नावावर आहे का बहिणीच्या? आणि रात्री दोनला उठून भट्टी पेटवणाऱ्या माणसाबरोबर तू झोपणार कधी?"

झिग्बोदीनं एफो यावोंकडं बघून म्हटलं, "तिला तुमचा पाव फार आवडला."

त्यांचा चेहरा फुलला. "देवाची कृपा," ते म्हणाले.

"एवढ्या लांब प्रश्नाला एवढंसं उत्तर?" आराबाच्या भुवया चढल्या. तिनं माझ्याकडं पाहिलं. "कोर्कोर, तुला कळतं ना? काय म्हणाला तो?"

मी नेमकी त्याच वेळी माशाचा काटा काढण्यात गुंतले होते. "अगं, माझी एवे आता गंजली," मी म्हणाले.

आराबा ताटावरून उठली. हात धुतले आणि अंगणात कडुनिंबाखालच्या बाकावर जाऊन आमच्याकडं पाठ करून बसली. झिग्बोदीही उठायला लागली, तेव्हा मी तिचा हात धरला. "बसू दे तिला."

"ती आता आबुरीचं काढेल," झिग्बोदी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी तीनदा सांगायला निघाले गं. प्रत्येक वेळी ती नकाशा काढून दाखवायची. इथं तुझी खिडकी, इथं कोर्कोरची. कसं सांगणार?"

आमचं हे चाललं होतं तेवढ्यात एफो यावो उठून गेले. त्यांनी आतून एक ठेंगणं स्टूल नेलं आणि आराबाच्या पायांपुढं ठेवलं. प्रवासानं तिचे पाय सुजले होते, ते आम्हा दोघींपैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. आराबानं स्टुलाकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं. मग चपला काढून पाय वर ठेवले. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

थोड्या वेळानं आराबा बोलायला लागली. फांतीतून, तिच्या मायबोलीतून. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तरी ते मान हलवत होते.

"काय म्हणत असेल?" झिग्बोदी घाबरून म्हणाली. "जा ना, पाणी घेऊन जा."

मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. आराबानं माझ्याकडं बघितलंही नाही. "... आणि खेकडा देऊ नका," ती सांगत होती. "तोंड सुजतं तिचं. पण मागेल, आवडतो म्हणून. पावसाळ्यात छाती भरते, तेव्हा उशाला दोन उशा द्यायच्या. आणि रागावली की भांडत नाही हो ती, गप्प होते. जेवत नाही. तेव्हा आग्रह करू नका. नुसतं ताट झाकून ठेवायचं आणि आपण दुसऱ्या खोलीत जायचं. ती येते. उशिरा येते, पण येते."

ती थांबली. नाक पुसलं. मग म्हणाली, "आम्ही तिघी राहणार होतो. पण तिला खिडकी नकोच होती बहुतेक. मीच विचारलं नाही."

एफो यावो काहीतरी हळू बोलले. आराबानं माझ्याकडं वळून पाहिलं. "आता काटा नाहीये तुझ्या हातात. सांग."

"ते म्हणतात, तुम्ही काय सांगितलंत ते कळलं नाही, पण कोणाबद्दल ते कळलं."

आराबानं पाय स्टुलावर नीट घेतले. मग मला म्हणाली, "सांग त्याला सगळं. एकही गोष्ट गाळू नकोस. आणि झिग्बोला भाषांतर करायला बोलावू नकोस, ती लबाड आहे."

मी बाकावर मध्ये बसले आणि सगळं सांगितलं, खेकड्यापासून. ते लक्ष देऊन ऐकत होते. उशा दोन का तीन, हे त्यांनी परत विचारून घेतलं. पहिल्या बायकोचंही त्यांनी आपणहून सांगितलं. ती बाळंतपणात गेली होती, बाळासकट. नंतर त्यांनी संसार थाटला नव्हता. झिग्बोदीनं तापाचं उगाच रचलं होतं, विषय टाळायला.

संध्याकाळी निघताना बहिणीनं आमच्या पिशव्यांत पाव कोंबले. झिग्बोदी दारात आराबासमोर उभी राहिली. 

"नोकरीचा राजीनामा दिलास?" आराबानं विचारलं.

"अजून नाही."

"लेखी दे. तोंडी देऊ नकोस, ते लोक फिरतात. आणि लग्नाचं कापड मी निवडणार. कालचे सहा तागे मी बघून ठेवलेत."

झिग्बोदी रडत रडत हसली आणि तिच्या गळ्यात पडली.

लग्न ईस्टरनंतर झालं, आफ्लाओच्या पलीकडं, त्याच अंगणात. आबुरीची जागा आराबानं विकली नाही. तिथं आता दोन खोल्या आहेत आणि मोठी ओसरी. मी महिन्यातून आठवडाभर तिच्याकडं जाऊन राहते. अधूनमधून झिग्बोदी आणि एफो यावो येतात. आराबा आणि ते सकाळी ओसरीवर बसून तास तास बोलतात, ती फांतीतून आणि ते एवेतून. आम्ही दोघी आत चहा करतो आणि मध्ये पडत नाही.