बाल्कनीतला जाडजूड शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे. जाडजूड, विटेहून वजनदार. खुद्द इंग्रजांनी टाकून दिलेले शब्द मी पोटात सांभाळून ठेवले आहेत. 'ओव्हरमॉरो' म्हणजे परवा. इतका कामाचा शब्द त्यांनी कसा हरवला, देव जाणे! 'ॲप्रिसिटी' म्हणजे थंडीतल्या उन्हाची ऊब. दुबईत तो वापरायला जानेवारीची वाट बघावी लागते. 'फजेल' म्हणजे काही न करता कामाचं सोंग आणणं.

माझा मालक वासुदेव अबू धाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीत होता, तेव्हा मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज साहेबाने मला त्याच्या हवाली केलं. नवं लग्न झालेलं. दर शुक्रवारी तो बायकोला, कुंदाला, माझ्यातला एक शब्द वाचून दाखवी. 'फजेल'चा अर्थ ऐकून ती म्हणाली, "अहो, म्हणजे तुमचा मॅनेजर की!" दोघं पोट धरून हसले. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे बिऱ्हाड दुबईत अल मनखूलला आलं, सहाव्या मजल्यावर. मिहिका झाली, मग विहान. मिहिका शाळेत जाऊ लागली. एकदा तिने मला उघडलं आणि लगेच मिटलं. "आई, नोबडी यूझेस धिस. गूगल आहे ना!" मला फार वाईट वाटलं. बाल्कनीचं दार गरम वाऱ्याने धाडकन आपटायचं, म्हणून कुंदाने मला तिथे नेऊन ठेवलं. "एवढा जाड आहे, दार तरी अडवेल," ती म्हणाली.

रोज सकाळी मिहिकाची स्कूल बस खाली येते. तीन वर्षांच्या विहानला ताईला टाटा करायचा असतो, पण कठडा त्याच्याहून उंच. काल त्याने मला ढकलत कठड्याशी नेलं आणि तो माझ्यावर चढला. हनुवटी वर आली. टाचा उचलल्या, तशी छातीही कठड्यावर आली. मग त्याचं एक पाऊल माझ्यावरून सुटलं. मित्रांनो, हजारो शब्द पोटात असून 'थांब' म्हणायला मला तोंड नव्हतं.

पण तो अचानक खाली उतरला. पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे कुंदाने त्याला शिकवलं होतं. त्याने मला हात लावून कपाळाला टेकवला. तेवढ्यात कपड्यांची बादली घेऊन कुंदा आली.

"आय स्टेप्ड ऑन बुक," तो म्हणाला.

"शहाणा माझा! पुस्तकावर पाय देऊ नये हं." तिने आत हाक मारली, "अहो, बघितलंत का? एवढंसं पोर, पण कसं लक्षात ठेवतं!"

"गुड बॉय! यल्ला, चला, मी निघतो, लेट झालाय," आतून वासुदेव म्हणाला. मी कठड्याशी कसा पोहोचलो, हे कुणी विचारलं नाही. कुंदाने मला पायाने नव्हे, हाताने उचलून पुन्हा दाराशी ठेवलं.

आज विहान सोफ्याची उशी ओढत आला आहे. त्याने मला कठड्याशी ढकललं आणि उशी माझ्यावर नीट बसवली. "नो फीट ऑन बुक," तो स्वतःशीच म्हणाला. आता त्याचा पाय मला लागणार नाही. नमस्कारासाठी उतरायचं कारणच उरलं नाही, आणि मी कालच्यापेक्षा उंच झालो आहे.

स्वयंपाकघरात मिक्सर चालू आहे. खाली बसचा हॉर्न वाजला.

मित्रांनो, मला रद्दीत घाला, माझी पानं फाडून त्यात भेळ बांधा, माझी तक्रार नाही. पण आधी मला इथून उचला. कुणीतरी उचला. त्याने उशीवर दुसरा पायही ठेवला आहे.