वाटून दिलेलं काम

मुंबईतल्या गिरण्यांचा मोठा संप मिटल्यावर हैबती गावी परतला, तो नवीच विद्या घेऊन. गिरणीत एक साहेब मागांमधून हिंडायचा. कोण उगाच चालतो, कोण कुणासाठी खोळंबतो, ते बघायचा. हैबती त्याच्यामागे फिरलेला. एका माणसानं एकच काम करावं, म्हणजे हात बसतो आणि वेळ वाचतो, हे त्याला मनापासून पटलं होतं.

महाडचे ठेकेदार मोरूशेठ यांच्या उमरठच्या वरच्या रानात कोळशाच्या भट्ट्या होत्या. त्यांनी हैबतीला मुकादम केलं.

तोवर एकेक घर आपापली भट्टी सांभाळायचं. लाकूड तोडायचं, रचायचं, पाल्यानं झाकून वर माती लिंपायची, आणि आत धुमसत असेपर्यंत वर चढून भेगा बुजवायच्या. हैबतीनं हे सगळं मोडलं. तोडणारे वेगळे, रचणारे वेगळे, लिंपणारे वेगळे. भिकू आणि पांडू नुसते रचायला. भिकूची बायको आवडी भट्ट्यांवर फिरून भेगा बुजवायला.

"मुकादम, मी रचलेली भट्टी माज्याकडंच ऱ्हाऊ द्या," भिकू म्हणाला. "कुठं जाड लाकूड घातलंय, कुठं काटक्या भरल्यात, मला ठावं असतंय."

"अरे, तेवढ्या टायमात तुझ्या दोन भट्ट्या रचून व्हतील."

आणि झाल्याही. कोळशाच्या गाड्या पोलादपुराकडं एकामागून एक उतरू लागल्या. मोरूशेठ खूश झाले. रान मात्र हळूहळू गप्प झालं. पूर्वी भट्टीपाशी बसून माणसं बोलायची. आता प्रत्येकजण आपलं काम उरकून पुढच्या ठिकाणी जायचा. मागं धुमसत्या भट्ट्या एकट्याच उरायच्या.

मग एक दिवस चरायला सोडलेली पाडी एका भट्टीवर चढली आणि तिचा पाय मातीतून आत गेला. ती ओरडत सुटली. खुरावरचं मांस भाजून पांढरं पडलं होतं.

हैबती त्या भोकापाशी वाकला. आत लाल पोकळी होती, माणूस मावेल एवढी. साहेबानं शिकवलं होतं, चूक झाली की तिचं मूळ सापडेपर्यंत का, का, असं विचारत राहायचं. माती का खचली? खाली लाकडाची राख झाली होती. राख का झाली? तिथं काटक्या भरल्या होत्या, त्यातून वारा खेळला. वर फिरणाऱ्याला ते का कळलं नाही? कारण रचणारा दुसराच होता.

तो तसाच महाडला गेला.

मोरूशेठनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचं म्हणणं बरोबर असेल. पण मुंबईला माल कबूल केलाय. एवढा पुरा होऊ दे, मग बदला."

"शेठ, कुणीतरी आत जाईल."

"वरून जपून चालायला सांगा."

हैबती परत आला. काम थांबवावं असं त्याच्या मनात होतं. पण आपणच बसवलेली घडी आपणच मोडायची, आणि शेठचा शब्दही मोडायचा, हे त्याला जमेना. त्यानं सगळ्यांना जपून चालायला सांगितलं.

"जपून म्हंजे कसं?" आवडीनं विचारलं. "वरनं समद्या सारख्याच दिसत्यात."



दुसऱ्या दिवशी भर दुपारी पांडूनं रचलेल्या भट्टीवर ती मातीची पाटी घेऊन चढली. कडेनं धूर नेहमीपेक्षा विरळ, निळसर येत होता; आत लाकूड जळून पोकळ झाल्याची ती खूण. हैबती खालीच होता. "आवडे, थांब गो!" तो ओरडला, तेवढ्यात ती कमरेपर्यंत आत गेली.

हैबतीनं पालथं पडून तिच्या काखेत हात घातले आणि ओढलं. त्याचे कोपर भाजले. भिकू धावत आला, दोघांनी तिला बाहेर काढलं. पांडू लांब उभा राहून सारखं म्हणत होता, "मला काय ठावं हितं कोण चढंल? मला काय ठावं?"

डोलीत घालून तिला खाली नेलं. पोलादपूरपर्यंत ती पाणी मागत होती. महाडचा दवाखाना आला तेव्हा मागायची थांबली होती.

हैबतीनं मुकादमकी सोडली. मोरूशेठनी काही महिने उमरठच्या भट्ट्या बंद ठेवल्या.

हात बरे झाल्यावर त्याच्या कानावर आलं की वरंधच्या रानात शेठनी नव्या भट्ट्या लावल्यात आणि सदू मुकादम आहे. सदू त्याच्याच हाताखाली शिकलेला. हैबती भिकूला घेऊन वरंधला गेला. रचणारे एकीकडं, लिंपणारे दुसरीकडं, आणि भट्ट्यांच्या माथ्यावर पाट्या घेतलेल्या तीन बाया.

"उतरा खाली!" भिकू रडत ओरडला. "तुमी नाय रचल्या त्या, उतरा!"

बाया थबकल्या. त्यांनी सदूकडं पाहिलं.

"आमची मानसं जपून चालत्यात," सदू शांतपणे म्हणाला, आणि त्यानं हातानं त्यांना पुढं व्हायची खूण केली.

हैबती जवळच्या भट्टीवर चढू लागला. वरच्या बाईला हात धरून खाली आणावं म्हणून नव्हे, तर तिच्याआधी आपला पाय पडावा म्हणून. पायाखालची माती गरम होती, आणि कुठं कुठं मऊ.