चोवीस नंबरचा पाचवा फाऊल

संध्याकाळी पाच वाजून बावन्न मिनिटांनी बालाघाट बुल्सच्या प्रशिक्षकाने टाइमआऊट घेतला. सामना संपायला एक मिनिट अकरा सेकंद उरले होते. बुल्स सत्तर, चंद्रपूर एकाहत्तर.

सत्यशीलाने स्कोअरशीटवर वेळ टिपली. घाटनांदूरच्या शाळेत ती खेळ शिकवायची आणि अंबाजोगाईत बास्केटबॉल लीगचा सामना असला की गुण आणि फाऊल मांडायला या टेबलावर बसायची. इथल्याच बुल्सचा हा दुसरा हंगाम. पहिल्यात चौदांपैकी दोनच सामने जिंकले होते. आज हरले तर तळाचा संघ म्हणून लीगमधून बाहेर, आणि बाराही खेळाडूंचे करार संपणार. गॅलरीत शेंगा विकणाऱ्यालाही हे ठाऊक होतं.

"अंगद्या, मेंढरू धरतो तसं धर की बे त्याला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"धरून धरून चार फाऊल झालेत त्याचे," शेजारी घड्याळ सांभाळणारा तानाजी पुटपुटला. "पाचवा झाला की बाहेर. मंग बास्केट काय ह्याचा मामा टाकणार हाय?"

अंगद, नंबर चोवीस. घाटनांदूरच्याच मेंढपाळाचा पोरगा. आठवीत असताना सत्यशीलानेच त्याला मैदानावर आणलं होतं. तो टेबलापाशी आला, बुटाची नाडी बांधायला वाकला आणि मान वर न करताच बोलला.

"बाई, मघाचा फाऊल माझा होता. तुमी चार नंबरवर टाकला, बोर्डावर बगितलं मी. लई उपकार झाले. इसरणार न्हाई."

आणि तो गेलासुद्धा.

सत्यशीलाने शीटवर बोट फिरवलं. चार नंबर, बुल्सचाच परमेश्वर. दोन मिनिटांपूर्वी बास्केटखाली तिघांचे हात गुंतले होते. गेल्या हंगामात नंबर पंधरापर्यंतच असायचे. यंदा लीगने कुठलाही नंबर चालेल म्हटलं होतं. चोवीससाठी पंच आधी हाताची पाठ पुढे करून दोन बोटं दाखवतो, मग तळवा पुढे करून चार. तिने मान उशिरा वर केली होती. तिला चारच दिसली होती.

साधी चूक होती. पण पोराने ती मेहेरबानी समजून पदरात घेतली होती.

"तानाजी, बझर दे."

"अजून वीस सेकंद हायेत की."

"टाइमआऊटचा न्हाई. फाऊल चुकलाय माझा. चोवीसचे पाच झालेत."

तानाजीने तिच्याकडे पाहिलं, मग गॅलरीकडे. बझरवरचा हात काढून त्याने मांडीवर ठेवला.

"मला काई ऐकू आलं न्हाई, बाई. आपल्याला ह्याच लोकांत ऱ्हायचंय."

सत्यशीला त्याच्या पुढून वाकली आणि तिने स्वतःच बझर दाबला.

पंच आला. तिने दोन वाक्यांत सांगितलं. त्याने शीट पाहिली, दुसऱ्या पंचाला बोलावून विचारलं आणि अंगदकडे वळून पाच बोटं दाखवली. अंगदच्या हातातली पाण्याची बाटली ओठांशीच थांबली. तो टेबलाकडे बघत राहिला; मग बाकाच्या टोकाला जाऊन बसला. गॅलरीतून शेंगांच्या टरफलांचा पुडा येऊन शीटवर पडला. तिने तो बाजूला सारला.

चंद्रपूरचा प्रशिक्षक पंचाच्या कानाशी लागला होता. पंच परत टेबलापाशी आला.

"चूक तुमच्या लक्षात कधी आली?"

"आत्ताच. टाइमआऊटमध्ये."

"त्यांचं म्हणणं आहे की चोवीस नंबर मघाशी इथे येऊन तुमच्याशी काही बोलला. पाचवा झालाय हे माहीत असून तो खेळत राहिला असेल, तर मला अहवाल द्यावा लागेल. दोन वर्षांची बंदी आहे." त्याने आवाज खाली आणला. "काय बोलला तो?"

तानाजी घड्याळाच्या बटणांवरची धूळ पुसू लागला. बाकावर अंगदने टॉवेल डोक्यावर ओढून घेतला होता. त्याचा चेहरा दिसत नव्हता.

सहा वाजून दोन मिनिटांनी पंचाने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला.