तीनशे निरोगी आवाज

या, जरा जवळ सरका. मागं बसलेल्यांनीही पुढं या, कारण ही गोष्ट मला मोठ्यानं सांगवत नाही. नुसता आवाज ऐकून घशाचा कॅन्सर ओळखणाऱ्या एका यंत्राची ही गोष्ट आहे. चमत्कार कसा दिसला ते सांगेन, तो कसा घडला तेही सांगेन. आणि तो घडवणाऱ्यांत मी होते, हेही लपवणार नाही.

उत्तर ग्रीसमधल्या आमच्या शहरात, विद्यापीठाच्या उंच छताच्या संगमरवरी सभागृहात, मे महिन्यातल्या त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. म्हाताऱ्या बायका पर्समध्ये संतांच्या तसबिरी घेऊन आल्या होत्या. कुणी यंत्राला हात लावून छातीवर क्रूस काढत होतं. यंत्र म्हणजे काय, तर टेबलावरचा एक संगणक आणि एक माईक.

"बाई, माझ्या नवऱ्याला आणलंय," एक आजी मला म्हणाल्या. "तो बोलत नाही, नुसता खोकतो. खोकला चालेल का?"

"आजी, यंत्राला सगळं चालतं!" प्राध्यापक वाम्वाकास व्यासपीठावरूनच गरजले. हेच आमच्या संशोधनाचे प्रमुख. "डॉक्टरला झोप येते, यंत्राला येत नाही. डॉक्टरचा मेहुणा आजारी पडतो, यंत्राला मेहुणाच नाही! नळी नको, सुई नको, ओळख नको. एक वाक्य तर आहे, वाचा, आणि निर्धास्त व्हा!"

वाक्य होतं: "लिंबाच्या झाडाखाली मांजर झोपलं आहे." आधी त्यांनी दवाखान्यातल्या तीन रुग्णांचे साठवलेले आवाज यंत्राला ऐकवले. पडदा तिन्ही वेळा लालभडक. सभागृह शहारलं. मग रांग सुरू झाली. पहिला हिरवा, दुसरा हिरवा, खोकणारे आजोबाही हिरवे. एकशे चाळीस माणसं बोलली आणि एकशे चाळीस हिरवी निघाली. पन्नास वर्षं सिगारेटी ओढलेला एक हमालसुद्धा! वाईट बातमी असती तर लोकांनी चार ठिकाणी विचारलं असतं. चांगली होती, म्हणून टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

रांगेत अनेस्तिस मास्तर होते. मीच बोलावलं होतं त्यांना. आमच्या चर्चात चाळीस वर्षं उजव्या बाजूला उभं राहून गाणारा हा माणूस. सणाच्या दिवशी ते प्रवचन गायचे, म्हणजे अक्षरशः गायचे. जन्मांध माणसाला दृष्टी आली ती कथा त्यांनी सुरात लावली की रविवारभर माझ्या डोळ्यांचं पाणी खळत नसे. पण ईस्टरपासून त्यांचा आवाज बसला होता.

त्यांनी वाक्य वाचलं. हिरवा. निरोगी, सत्त्याण्णव टक्के.

"म्हणजे आता नळी नको ना, एवांथिया?" त्यांनी माझा हात धरला. गुरुवारी घशाच्या डॉक्टर थेक्ला त्यांच्या घशात नळी घालून बघणार होत्या, आणि त्या नळीची त्यांना लहान मुलासारखी भीती होती.

"नको हो, मास्तर. उगाच कशाला?"

दवाखान्याला फोन करून त्यांची वेळ मीच रद्द केली. नंबर पाठ होता मला. माझं कामच ते.

माझं काम म्हणजे मध्यस्थी. आरोग्याच्या त्या संशोधनात डॉक्टरांना संगणकवाल्यांचं बोलणं कळत नाही, संगणकवाले डॉक्टरांचं अक्षर बघून हात टेकतात, आणि दोघांची पत्रं, दोघांचे रुसवे माझ्या टेबलावर. यंत्राला शिकवायला तीनशे आजारी आवाज हवे होते, तीनशे निरोगी. आजारी आवाज दवाखान्यातल्या श्रवणचाचणीच्या खोलीत घेतले. भिंतींना जाड फोम लावलेली, टाचणी पडली तरी तिचा आवाज तिथंच विरेल अशी ती खोली. निरोगी माणसांना तिथं आणायचं तर चार महिने गेले असते, आणि अहवालाची तारीख तोंडावर. मग मला युक्ती सुचली. रविवारी प्रार्थनेनंतर सगळे कॉफी आणि लुकुमीच्या मिठाईसाठी थांबतातच. अंगणात गलका, म्हणून एकेकाला आत नेलं, घुमटाखाली उभं केलं आणि आवाज टिपला. लोकांना थांबवून ठेवलं मास्तरांनी. निरोगी आवाज क्रमांक एक त्यांचाच; तेव्हा तो खरंच निरोगी होता.

पुढं संगणकवाल्यांचा तक्ता आला. त्यात प्रश्न होता: सर्व आवाज एकसारख्याच खोलीत घेतले का? मी क्षणभर थांबले. मग 'हो'वर खूण केली. खोलीनं काय फरक पडतो, असं मनाला सांगितलं.

उन्हाळा गेला. मास्तरांचा आवाज खरवडल्यासारखा झाला. कुणी काही म्हटलं की ते हसून सांगत, "यंत्रानं पास केलंय मला." ऑक्टोबरात संत दिमित्रिओसच्या सणाला ते गायला उभे राहिले, आणि दुसऱ्याच ओळीला आवाज तुटला. नुसती हवा बाहेर आली. डॉक्टर थेक्ला गर्दीत होत्या. त्या सरळ पुढं आल्या.

"मास्तर, उद्या सकाळी माझ्याकडे."

"पण यंत्र हिरवं..."

"मग यंत्रालाही घेऊन या. पण तुम्ही या."

गाठ होती, आणि मोठी होती. स्वरयंत्र काढावं लागणार होतं.

"मे महिन्यात आलो असतो तर?" मास्तरांनी विचारलं.

थेक्लाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार. "मे महिन्यात बहुतेक आवाज वाचला असता," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मास्तर मला हाकलून देतील. पण ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पोरी, ते यंत्र आण. मला त्याच्याशी एकदा बोलायचंय."

फोमच्या खोलीत त्यांनी मांजराचं वाक्य वाचलं. लाल! नव्व्याण्णव टक्के.

"बघा, आता तरी बरोबर सांगितलं," मी पुटपुटले.

"थांब. डॉक्टरीणबाई, तुम्ही वाचा."

थेक्लाबाईंचा घसा ठणठणीत. त्यांनी वाचलं. लाल!

मास्तर उठले. "चला चर्चात."

घुमटाखाली त्यांनी तेच वाक्य वाचलं. हिरवा. मग ओठांवर बोट ठेवून त्यांनी आम्हाला गप्प केलं, आणि चर्चचं जुनं जड दार हातानं हळूच ढकललं. कर्रर्र करत दार फिरलं, तो आवाज वर गेला, घुमटात घोळला, खाली आला. पडदा उजळला: निरोगी, अठ्ठ्याण्णव टक्के.

"दाराची तब्येत छान आहे," मास्तर म्हणाले, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. "चाळीस वर्षं मी या घुमटाकडून आवाज उसना घेतो, एवांथिया. मी थांबलो तरी तो पुढं गातो. तुमचं यंत्र माणूस ऐकतच नाही. खोली ऐकतंय. घुमला की निरोगी, नाही घुमला की आजारी."

मला तो तक्ता आठवला. ती खूण आठवली. मी तिथंच बाकावर बसले.

मी वाम्वाकास सरांकडे गेले तर ते म्हणाले, "हळू बोल. गुरुवारी मंत्रालयाची माणसं येतायत. आणि नवीन काय सांगतेस? जुलैत भाजीबाजारात, उघड्यावर लोकांचे आवाज घेतले होते. सगळे लाल आले. गोंगाटाचे म्हणून वगळले."

"सगळा बाजार आजारी कसा असेल, सर?"

"म्हणूनच तर वगळले!"

गुरुवारी सभागृह पुन्हा भरलं. सर म्हणत होते, यंत्राला मेहुणा नाही. मी उठले. "सर, तुम्ही स्वतः वाचा ना," मी म्हणाले. "पण तिथं, ओव्हरकोट टांगलेल्या कपाटात शिरून."

"हा काय पोरकटपणा!"

"वाचा हो, सर!" मागून तो हमाल ओरडला. "एक वाक्य तर आहे!"

हशा झाला. मंत्रालयाच्या बाईंनीही मान हलवली. सर माईक घेऊन लोकरीच्या कोटांत शिरले आणि मांजराचं वाक्य वाचलं. पडदा लालभडक. मग मी चर्चच्या दाराची टिपून आणलेली करकर ऐकवली. हिरवा. आधी हशा पिकला, मग एकाएकी कुणीच हसेना, कारण प्रत्येकाला आपापला हिरवा आठवला होता.

"माझ्या नवऱ्याचा खोकला मग?" आजी उभ्या राहिल्या.

"आजी, मला माहीत नाही. यंत्रालाही माहीत नव्हतं. निरोगी आवाज मी चर्चात घेतले आणि तक्त्यावर खोटी खूण केली."

एकशे एकोणचाळीस फोन मी स्वतः केले. बहुतेकांना काही नव्हतं. आजोबांना जुना दमा निघाला. हमालाच्या घशात छोटी गाठ सापडली. ती वेळेत निघाली. तो अजून बाजारात ओरडतो, आणि मला बघून मुद्दाम जास्त ओरडतो. एकशे चाळिसावा फोन करायची गरज नव्हती.

मी देव मानते, अजूनही दर रविवारी जाते. पण देवानं दिलेलं डोकं बाजूला ठेवून हात जोडणं ही भक्ती नव्हे, आळस आहे. यंत्र असो, साधू असो किंवा माझ्यासारखी कागद पुढं सरकवणारी बाई असो, विचारा: हे दुसऱ्या खोलीत नेऊन पाहिलंत का? नको ते उत्तर आलं तेव्हा त्याचं काय केलंत? आणि डॉक्टरची ठरलेली वेळ कुणाच्याही सांगण्यावरून रद्द करू नका.

यंदाच्या पवित्र शुक्रवारी, गुड फ्रायडेला, मास्तर उजव्या बाजूला आपल्या जागी उभे होते. स्वरयंत्र काढलेल्या गळ्याला रुमाल. आम्ही गात होतो, ते हातानं लय देत होते. गाणं संपलं, तरी घुमट थोडा वेळ गात राहिला. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहून मान डोलावली. मला ती क्षमा वाटली; पण ती मागायची माझी हिंमत अजून झालेली नाही.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागते. कधी उंच छताखाली उभे राहिलात आणि तुमचाच आवाज तुम्हाला मोठा, गोड होऊन परत आला, तर क्षणभर थांबा, आणि अनेस्तिस मास्तरांची आठवण काढा.