पंचवीस किलोचा कॅरिअर

"निर्धास्त राहा" असं कुणी म्हटलं की मी आधी ती वस्तू उलटून बघते. सायकलच्या दुकानातल्या काकांनी ते पहिल्या पाच मिनिटांत तीनदा म्हटलं.

इलेक्ट्रिक सायकलसोबत आलेल्या कॅरिअरच्या जोडाजवळ मला केसाएवढी रेघ दिसली होती. नवरा म्हणाला, "रंग उडालाय गं." मी नखाने खरवडलं. रंग गेला, रेघ राहिली. सोमवारपासून आमची लेक ठमी तिच्या खुर्चीत बसून त्याच कॅरिअरवरून बालवाडीत जाणार होती. ती सतरा किलो, खुर्ची चार. एकवीस किलो, आणि सगळा भार त्या रेघेवर.

एकवीस किलो पेलेल का, असं मी विचारल्यावर काकांनी काउंटरवर एक नवा कॅरिअर ठेवला. "पूर्ण अॅल्युमिनियम. गंजणार नाही, मोडणार नाही. पंचवीस किलोपर्यंत निर्धास्त."

मी पर्समधून फ्रिजवरचं चुंबक काढलं. नवऱ्याने छताकडे बघायला सुरुवात केली. वरच्या पट्टीला चुंबक चिकटलं नाही, पण पायांना खटकन बसलं.

"हे लोखंड आहे, काका."

"मॅडम, चुंबक घेऊन फिरता?" ते हसले. "पाय लोखंडाचेच हवेत. लोखंड आधी वाकतं, मग तुटतं. अॅल्युमिनियम काही न सांगता जातं."

ते पटलं, म्हणून मी जास्तच सावध झाले. काकांनी तो कॅरिअर दुकानातल्या एका सायकलला बसवला आणि स्वतः वर चढून बसले. "पंच्याऐंशी किलो आहे मी. बघा, हलतोय का?"

"तुम्ही उभ्या सायकलवर बसलात. आमच्या गल्लीत सात खड्डे आहेत."

"मोजलेत?" नवऱ्याने विचारलं.

"पाच होते, गेल्या महिन्यात."

काका उतरले, हात पुसत पावती पुस्तक शोधू लागले. मी दाराशी गेले. बाहेर त्यांची स्वतःची इलेक्ट्रिक सायकल उभी होती. मागे लहान मुलाची खुर्ची. तिच्याखाली जाडजूड, ओबडधोबड कॅरिअर. दोन्ही पाय चाकाच्या आसाजवळ सांगाड्यालाच नटाने आवळलेले, वर आडवी जादा पट्टी. आतला कॅरिअर मात्र सीटच्या दांड्याला एकाच पकडीने धरलेला, पाय नुसते टेकलेले.

"काका, हा कुठला?"

"तो विकायचा नाही. ओळखीच्या वेल्डरकडून करून घेतलाय."

"त्यावर कोण बसतं?"

"नात."

"मग आतला का नाही लावला?"

काकांनी पावती पुस्तक उघडलं, मिटलं. नवऱ्याने माझ्या कोपराला हात लावला, म्हणजे आता पुरे. मी हात काढून घेतला.

"आतला वाईट नाही," काका म्हणाले. "भाजी आणायला, पार्सल न्यायला. सामान बसल्या जागी बसतं. मूल चुळबुळ करतं, मागे झुकतं, कुत्रं दिसलं की वळतं. दर वळण्याला ती पकड थोडी थोडी सैल होते."

"आणि तुम्ही मला निर्धास्त राहा म्हणालात."

"तुम्ही किलो विचारलेत, मी किलो सांगितले." मग खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणायला नको होतं. सायकल ठेवून जा. वेल्डरला सांगतो, पण गुरुवारशिवाय होणार नाही."

"सोमवारी काय करायचं?" नवरा म्हणाला.

"चालायचं," मी म्हटलं.

आम्ही तीन दिवस चाललो. रोज पंचवीस मिनिटं, शेवटची दहा ठमी नवऱ्याच्या खांद्यावर. तो मान चोळत होता, ते मी पाहिलं.

गुरुवारी मी सकाळीच वेल्डरच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिले. त्याने चष्मा लावला, पट्टी पकडीत धरली.

"ताई, तुम्ही जा घरी. झालं की फोन करतो."

"मी थांबते."

"ठिणगीकडे बघू नका, डोळे जातील."

मी पाठ फिरवली, पण हलले नाही.