दोन इंच, बरोबर दोन

बारा जुलै, सकाळचे सात. ठिकाण: ओहायो राज्यातलं मेरोविल गाव, ड्रेक्सलर यांच्या घराचं मागचं अंगण. पाऊस थांबून वीस मिनिटं झाली होती. अंगणात नगरपालिकेचा एक माणूस होता आणि मी होतो. घरात कोणी नव्हतं.

मी पर्जन्यमापक बोलतोय. त्या सकाळी काय मोजलं गेलं आणि काय नाही, हे मला पक्कं माहीत आहे. माझी साक्ष मात्र कोणी घेतली नाही.

माझी रचना साधी आहे. वर नरसाळं, आत एक बारीक पितळी नळी आणि त्या नळीभोवती पत्र्याचा मोठा डबा. नळीत दोन इंच पाऊस मावतो. त्याहून जास्त पडला तर पाणी नळीच्या काठावरून डब्यात उतरतं. तेव्हा नळीतले दोन इंच लिहायचे, ती रिकामी करायची आणि डब्यातलं पाणी पुन्हा पुन्हा तिच्यात ओतून मोजायचं. यात अवघड काही नाही. फक्त कोणीतरी सांगायला हवं.

लेमन ड्रेक्सलर यांना सांगावं लागत नसे. ते शाळेत भूगोल शिकवायचे. चाळीस वर्षं रोज सकाळी सातला ते लाकडी पट्टी घेऊन माझ्याकडे आले. बायकोच्या दफनाच्या दिवशीही आले, काळ्या कोटात. पट्टी नळीत बुडवली, ओली खूण पाहिली, आकडा लिहिला आणि मग चर्चमध्ये गेले. पगार नव्हता. अशी हजारो माणसं या देशात अंगणात उभी राहून पाऊस मोजतात.

त्यांच्यासारखेच पाऊस मोजणारे त्यांचे दोन मित्र आणि एक बहीण होती. नववर्षाला चौघं एकमेकांना पत्र पाठवत, त्यात वर्षाची बेरीज आणि एखादा टोमणा. दक्षिणेतल्या मोबाइल नावाच्या शहरातला ऑगस्टस लिहायचा, आमचा पासष्ट इंच, तुमचं ते दव. सिॲटलची बहीण लिहायची, सगळ्या देशाला वाटतं आम्ही पाण्यात राहतो, भरले मात्र अडतीस. फीनिक्सचा मित्र फक्त सात हा आकडा लिहायचा आणि खाली सही करायचा. आमचा आकडा चाळीसच्या आसपास असे. ती पत्रं लेमन मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. दुसरं कोणी ऐकायला नव्हतं.

शेवटच्या काही वर्षांत त्यांनी वाचताना हसणं सोडलं. एकदा वही घेऊन माझ्याशेजारी खुर्ची टाकली आणि हिशोब केला. पहिल्या वीस वर्षांत माझा बाहेरचा डबा नऊ वेळा ओला झाला होता. पुढच्या वीस वर्षांत तेवीस वेळा. पावसाचे दिवस जवळपास तितकेच होते, पण पाऊस आता एकदम कोसळत होता. त्यांनी हे नगरपालिकेला कळवलं. रेल्वे पुलाखालच्या रस्त्यावरचा पंप रात्रीत तीन इंच पाऊस उपसू शकतो, तो जुन्या आकड्यांवर बसवलाय, बदला, असं स्पष्ट लिहिलं. पत्र मिळाल्याची पोच आली. पंप तोच राहिला.

नऊ जुलैला लेमन पायरीवरून पडले. कंबरेचं हाड मोडलं, इस्पितळात गेले. माझं काम नगरपालिकेच्या पाणी विभागाकडे आलं.

अकराच्या संध्याकाळी सुरू झालेला पाऊस बाराच्या सकाळपर्यंत थांबला नाही. नळी भरली. डबा भरत गेला. सातला आलेला माणूस पन्नाशीचा, दमलेला, चिखलात माखलेला होता. अर्धं गाव पाण्यात होतं आणि त्याला माझ्यासाठी दोन मिनिटं होती. त्यानं पट्टी बुडवली. काठोकाठ. कागदावर २.०० लिहिलं. मग डब्यातलं पाणी सांडलेलं समजून कुंपणाशी ओतून दिलं. त्यात अजून दोन नळ्या भरून तिसरीत थोडं उरलं असतं. मी त्या माणसाला दोष देत नाही. त्याला न शिकवता पाठवणाऱ्यांना देतो.

त्याच्या तासभर आधी ॲल्विन कोल्ब पावाची गाडी घेऊन रेल्वे पुलाखाली शिरला होता. अंधुक उजेड, सपाट पाणी. गाडी दुपारी वर काढली. ॲल्विन आत होता.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं, पाऊस बेताचा होता, चालकानं बेपर्वाई केली.

सहा आठवड्यांनी लेमन कुबड्यांवर अंगणात आले. ॲल्विनची बायको वर्ना भेटायला आली. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिला भरपाई नको होती. एक शब्द खोडून हवा होता.

"सर, ते म्हणतात दोनच इंच पडला. म्हणजे माझ्या नवऱ्यानं वेड्यासारखी गाडी घातली. एकोणीस वर्षं त्याच रस्त्यानं पाव पोचवले त्यानं."

लेमननी तिनं आणलेला त्या दिवशीच्या नोंदीचा कागद डोळ्यांजवळ धरला. "दोन पूर्णांक शून्य शून्य? अगं वर्ना, पाऊस काय कवायत करतो? बरोबर दोनवर थांबायला त्याला कोणी शिट्टी मारली?"

"मग उरलेलं पाणी कुठंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कुंपणाकडे. "गवतानं पिऊन टाकलं."

दोघं नगरपालिकेत गेले. परत आल्यावर लेमननी तिथलं बोलणं मला जसंच्या तसं सांगितलं. अधिकारी म्हणाला, "ड्रेक्सलर साहेब, पाणी आणा, आकडा बदलतो." खोलीत हशा पिकला. सात मैलांवरच्या एका शेतकऱ्यानं आपल्या बादलीत सहा इंच मोजले होते. ती बादली अधिकृत नव्हती. लेमननी राज्याला तीन पत्रं लिहिली. उत्तर एकच: निरीक्षकानं सही केलेली नोंद बदलत नाही.

फेब्रुवारीत लेमन गेले. आता विमानतळावर आपोआप मोजणारं यंत्र आहे. घर विकलं तेव्हा मला भंगारात टाकणार होते, वर्नानं मागून घेतलं. मी तिच्या अंगणात आहे. ती रोज सातला येते, आधी नळी मोजते, मग डबा. तिच्या नोंदी कोणी घेत नाही. ती पट्टी पुसते आणि आत जाते. मग दुसऱ्या दिवशीच्या सातपर्यंत मी आणि आभाळ.

मला माझा मान नको. माझ्या नावावर लिहिलेलं खोटं पुसा, एवढंच मागतो.

तो अहवाल वर्ना माझ्याशेजारी बसून अनेकदा वाचते. चौथ्या पानावर लिहिलंय: पंप चालू होता, तीन इंचांना पुरेसा होता. पाचव्यावर: पाऊस दोन इंच. सहाव्यावर: पुलाखाली नऊ फूट पाणी. ते पाणी कुठून आलं, हे कोणत्याच पानावर नाही.